कलम 78 आणि फौजदार

आपल्या आयटी कायद्याला चोर सापडत नाही, पण लाइक करणारी पोरगी बरोब्बर सापडते.

आठवतंय ना? नोव्हेंबर 2012, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर बंद कशासाठी, असं एका मुलीने फेसबुकवर लिहिलं. मैत्रिणीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक! लावलेल्या कलमांत आपलं लाडकं 66अ होतं. सुप्रीम कोर्टाने ते 24 मार्च 2015 ला रद्द केलं. तरी गुन्हे नोंदवले जातच राहिले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं की बाबांनो, हे कलम मेलंय. आपण कोडमधून एखादं फंक्शन उडवलं की बिल्ड तिथल्या तिथे फुटतो. इथे उडवलेलं फंक्शन साडेसात वर्षं चाललं :)

असो. आता दुसरी बाजू बघा. आमच्या लोणखेड्याला (तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार) शेजारच्या काकांचे पपईचे पैसे एका फोनमध्ये गेले. केवायसी, ओटीपी, तीच ती रड. 1930 वर फोन लावला, तक्रार घेतली गेली. पण पोलीस ठाण्यात उत्तर काय, तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या."

साहेबच का लागतात? कारण कलम 78. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या माणसाने करायचाच नाही. मूळ 2000 च्या कायद्यात तर डीवायएसपी लागायचा. 2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 ला लागू झाली, तेव्हा तो एक पायरी खाली आला. म्हणजे खुनाचा तपास फौजदाराने केलेला कायद्याला चालतो, ओटीपीचा नाही! आणि ग्रामीण भागातली कितीतरी ठाणी सहायक निरीक्षकच चालवतात. त्यांनी काय करायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: मोठा अधिकारी असला की गैरवापर होत नाही. हो का? पालघर प्रकरणात निलंबित झालेल्यांत खुद्द पोलीस अधीक्षक होते. हुद्द्याने काडीचा फरक पडला नाही. 66अ ची भाषाच ढिसाळ होती, आणि ढिसाळ स्पेसिफिकेशन सीनियर डेव्हलपरकडे दिलं म्हणून सुधारत नाही.

मोठ्या चोऱ्यांचं तर विचारूच नका. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी दोन-तीन दिवसांत गेले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना दोषी ठरवलं. पण परदेशात कुणाला गाठायचं, तर सरकारी पत्रव्यवहार आलाच. सायबर गुन्ह्यांवरचा बुडापेस्ट करार 2001 चा. आपण त्यावर सही केलेली नाही, कारण तो ठरवताना आपल्याला विचारलं नव्हतं. मान्य, राग रास्त आहे. पण तो धरून पाव शतक गेलं, चोर काही थांबले नाहीत.

करार राहू दे, ते दिल्लीतल्या मोठ्या माणसांचं काम. कलम 78 मात्र एका शब्दाचं काम आहे. निरीक्षकाच्या जागी 'प्रशिक्षित उपनिरीक्षक' लिहा. 2008 मध्ये हाच शब्द एकदा बदललाय, तेव्हा काही आभाळ कोसळलं नव्हतं.