रिकाम्या क्षणाचे पथ्य

माझ्या एका रुग्णाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मद्य आणि मांसाहार केव्हाच सुटलेले. आषाढी वारीच्या वाटेवर ते तंबाखूलाही शिवत नाहीत. मात्र घरी परतल्यावर आठवड्याभरात चुन्याची डबी पुन्हा खिशात येते. यंदा त्यांच्या गालाच्या आतील बाजूस पांढरा चट्टा दिसला. पुढील तपासणीसाठी चिठ्ठी लिहिताना मीही अस्वस्थ झालो.

वास्तविक तंबाखू सोडल्यावर होणारी तगमग पहिल्या २-३ दिवसांत सर्वाधिक असते आणि साधारणतः ३-४ आठवड्यांत ओसरते. आळंदी ते पंढरपूर ही वाटचाल जवळपास ३ आठवड्यांची. म्हणजे शरीराची अवघड लढाई वाटेतच बहुतांशी जिंकलेली असते. गावी परतल्यावर गाठतात ते जुने प्रसंग: जेवणानंतरची निवांत वेळ, पारावरची मंडळी. वारीत हाती टाळ असतो. घरी हात रिकामा असतो.

म्हणून ‘सोडेन’ एवढाच संकल्प पुरेसा नाही. त्या रिकाम्या क्षणी काय करायचे, हेही ठरवा. तल्लफ बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात नामस्मरण करा, नातवंडाला गोष्ट सांगा, कोणाच्या तरी उपयोगी पडा. पाऊल घसरलेच, तर स्वतःला दूषणे न देता पुन्हा आरंभ करा. १८००-११२-३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते. तोंडातील चट्टा किंवा व्रण २ आठवड्यांत बरा न झाल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांना दाखवा.

माळ गळ्यात आहेच. तिचे व्रत आता हातांनाही द्यावे.