पुढचा धोका मागच्याला कळावा

ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते. धुक्यात बंद पडलेला ट्रक दिसेपर्यंत ब्रेक लावायला वेळच उरत नाही. व्होल्वोने २०१६ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेत यावर उपाय आणला: एका गाडीने धोक्याचे दिवे लावले, की क्लाउडमार्फत जवळ येणाऱ्या, ही सोय असलेल्या गाड्यांना इशारा मिळतो. २०१९ मध्ये तो युरोपभर पोहोचला. मात्र यंत्रणा नसलेली गाडी मुकीच राहते. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले. आपल्याकडचा जुना ट्रक असा इशारा देणार नाही. म्हणून ही माहिती सर्व कंपन्यांच्या गाड्यांना मिळायला हवी. तोवर चालू टेललाइट, रिफ्लेक्टर आणि रस्त्यावर ठेवलेला लाल त्रिकोण हेच जीव वाचवतील.