एका गळ्यात किती जणी!

जेन हॉरॉक्स हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. पण तिचा आवाज तुमच्या घरातल्या पोराबाळांनी कदाचित ऐकलेला आहे. २००० साली ‘चिकन रन’ नावाचा बाहुल्यांचा इंग्रजी चित्रपट आला होता. तारेच्या कुंपणात कोंडलेल्या कोंबड्या मालकिणीच्या तावडीतून पळून जाण्याचा बेत करतात, अशी त्याची गोष्ट. त्यात बॅब्ज नावाची एक गुबगुबीत कोंबडी आहे. बाकीच्या जिवाच्या आकांताने धावत असतात आणि ही आपली सुया घेऊन लोकर विणत बसते. बोलते अगदी भोळसटपणे, पण नेमके मर्मावर बोट ठेवते. मूळ इंग्रजीतला बॅब्जचा आवाज जेन हॉरॉक्सचा.

तेवीस वर्षांनी, २०२३ साली, या चित्रपटाचा दुसरा भाग आला. तेव्हा मुख्य कोंबडीचा आवाज बदलला. पहिल्या भागात तो देणारी ज्युलिया सवाल्हा हिला सांगण्यात आले की तुझा आवाज आता वयस्कर वाटतो. तिने ही गोष्ट २०२० साली जाहीरपणे लोकांपुढे मांडली आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. बॅब्जचा आवाज मात्र तोच राहिला. साठीला टेकलेल्या जेनने पुन्हा त्याच भोळ्या सुरात कोंबडी बोलून दाखवली. नट्यांचे चेहरे वयावरून मोजले जातात हे आपल्याला ठाऊक होते. गळ्याचेही वय मोजतात, हे आम्हास तरी यानिमित्ताने कळले. कोंबडीचे वय कोण विचारतो म्हणा!

जेनचा जन्म १८ जानेवारी १९६४ चा. गाव रॉटनस्टॉल. इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यात, मँचेस्टरच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, टेकड्यांच्या खोऱ्यात वसलेले. एकेकाळी त्या खोऱ्यात सूतगिरण्यांची धुराडी होती, नंतर तेथे सपाता बनविण्याचे कारखाने नावारूपाला आले. आई रुग्णालयात कामाला, वडील कंपनीचा माल विकणारे फिरते विक्रेते. घरात नाटकाचा वारसा वगैरे काही नाही. पोरीला लहानपणापासून नाद एकच, गाणाऱ्या बायकांच्या हुबेहूब नकला करण्याचा.

पुढे लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ ड्रामॅटिक आर्ट या नामांकित संस्थेत तिला प्रवेश मिळाला. राल्फ फाइन्स हा पुढे जगभर गाजलेला नट तेथे तिच्या बरोबरीचा. इंग्लंडच्या रंगभूमीवर शिष्टांची एक भाषा आहे आणि बाकीच्या प्रांतांच्या बोली. शिष्टांच्या भाषेत राजा बोलतो, बोलीत त्याचा नोकर बोलतो, असा जुना रिवाज. लँकेशायरची बोली तर विनोदासाठीच राखून ठेवलेली. आपल्या मुलांना शाळेत ‘न’ आणि ‘ण’ वरून कोण कसे हसते हे ज्या आईबापांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रकार जास्त फोड करून सांगण्याची गरज नाही. जेनने आपली बोली टाकली नाही. गरज पडेल तेव्हा दुसरी वापरली आणि घरी परतावे तशी आपल्या बोलीकडे परतली.

तिच्या कामाची पहिली मोठी दखल घेतली गेली ती १९९० च्या ‘लाइफ इज स्वीट’ या चित्रपटामुळे. दिग्दर्शक माइक ली. या गृहस्थांची रीत निराळी. हातात लिहिलेली पटकथा ठेवायची नाही. नटांना घेऊन कित्येक आठवडे बसायचे, प्रत्येकाकडून आपले पात्र घडवून घ्यायचे आणि त्या तालमींतून संवाद उभे करायचे. जेनच्या वाट्याला आली निकोला. लंडनजवळच्या साध्या घरातल्या जुळ्या बहिणींपैकी एक. सगळ्यांवर खेकसणारी, स्वतःच्या शरीराचा तिटकारा करणारी, चारचौघांत अन्न नाकारणारी आणि रात्री खोलीचे दार लावून अधाशासारखे खाऊन ओकून टाकणारी. या आजाराबद्दल त्या काळी तिकडेही घरात उघड बोलत नसत. शेवटाकडे आई तिच्या खोलीत येऊन तिच्याशी बोलते, तो प्रसंग मुलगी असलेल्या प्रत्येक आईने पाहावा असा आहे. आई झालेली नटी अ‍ॅलिसन स्टेडमन. अमेरिकेतल्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स या समीक्षकांच्या संस्थेने या भूमिकेबद्दल जेनला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. यात नक्कल नाही, गाणे नाही, विनोदही नाही म्हटले तरी चालेल. जिला लोक केवळ विनोदी नटी म्हणून ओळखतात, तिची खरी ताकद पाहायची तर आम्ही आधी हाच चित्रपट सुचवू.

आता ज्या भूमिकेसाठी तिचे नाव कायमचे राहील तिच्याकडे वळू.

जिम कार्टराइट हे लँकेशायरचेच नाटककार. त्यांच्या ‘रोड’ या नाटकावर १९८७ साली दूरदर्शनपट झाला, त्यात जेन होती. जेन नकला किती सही सही करते हे कार्टराइट यांनी ऐकलेले होते. तिलाच डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी एक नाटक लिहिले, ‘द राइज अँड फॉल ऑफ लिटल व्हॉइस’. १९९२ साली ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आले आणि तेथून आल्डविच थिएटरला गेले. दिग्दर्शक सॅम मेंडिस. या नाटकातही आईच्या भूमिकेत पुन्हा अ‍ॅलिसन स्टेडमनच होती. एकाच दोघींनी, दोन-तीन वर्षांच्या आत, दोन अगदी उलट्या मायलेकी उभ्या केल्या.

गोष्ट अशी. एका गरीब वस्तीत एक विधवा आई आणि तिची मुलगी राहतात. आई मोठ्या आवाजाची, दारूच्या नादी लागलेली, पुरुषाच्या आधारासाठी आसुसलेली. मुलगी इतकी अबोल की तिचे नावच पडले आहे ‘लिटल व्हॉइस’, म्हणजे इवलासा आवाज. बाप वारला आहे. मागे ठेवून गेला आहे तो तबकड्यांचा ढीग. मुलगी खोलीत बसून त्या ऐकते आणि त्यांतल्या एकेका गायिकेच्या आवाजात गाते. आईकडे आलेला एक फाटका नाट्यदलाल भिंतीपलीकडून हे ऐकतो. त्याला पोरगी दिसत नाही, पैसा दिसतो. तिला कसेबसे मनवून तो एका क्लबच्या रंगमंचावर उभी करतो. एक रात्र ती गाते. फक्त बापासाठी, म्हणून. लोक वेडे होतात. दलाल म्हणतो, आता रोज. पोरगी म्हणते, नाही.

१९९८ साली मार्क हर्मन यांनी ‘लिटल व्हॉइस’ नावाने यावर चित्रपट केला, तो स्कारबरो या समुद्रकाठच्या गावात चित्रित झाला. दलाल झाला मायकेल केन, आई झाली ब्रेंडा ब्लेथिन. जेन तेव्हा ३४ वर्षांची होती, पण पडद्यावर ती जेमतेम विशीची वाटते. त्या एका रात्रीच्या गाण्यात ती ज्यूडी गार्लंड होते, शर्ली बॅसी होते, मेरिलिन मन्रो होते, मार्लेन डीट्रिच होते, ग्रेसी फील्ड्स होते, बिली हॉलिडे होते. सगळे गळे तिचे स्वतःचे. दुसऱ्या कोणाचा आवाज उसना घेतलेला नाही.

नक्कल म्हणजे आवाज बारीक-मोठा करणे, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडेही नकलाकार म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधली करमणूक, अशीच समजूत. पण नीट ऐकले तर कळते की जेन आधी त्या बाईचा श्वास घेते. मन्रोचे शब्द फुंकरीसारखे अर्धे हवेत विरलेले. डीट्रिच जाड, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि ओठ फारसे हलवत नाही. गार्लंडचा सूर शेवटी थरथरतो, आता ही रडते की काय असे वाटावे इतका. ग्रेसी फील्ड्स उंच पट्टीत निर्मळ गाता गाता मध्येच एक चिरका विनोदी सूर काढून स्वतःचीच फजिती करते. बॅसीचे तर हातही गातात. जबडा, मान, खांदे, सगळे बदलावे लागते. आणि यातली सर्वांत अवघड गोष्ट निराळीच. या नकला जेनने करायच्या नाहीत, त्या घाबरट पोरीने करायच्या आहेत. म्हणजे थाट बॅसीचा, पण डोळे मात्र अंधारात बाप शोधणाऱ्या मुलीचे. दोन्ही एका वेळी दिसले पाहिजेत. ते दिसतात.

या गायिका कोण होत्या तेही पाहावे. शर्ली बॅसी ही वेल्समधील कार्डिफ बंदराच्या टायगर बे या गरीब वस्तीतली. बाप नायजेरियाचा, आई इंग्रज. शाळा सुटली आणि कारखान्यात कामाला लागली. ग्रेसी फील्ड्स रॉटनस्टॉलपासून जवळच असलेल्या रॉचडेलची, १८९८ चा जन्म, आजीच्या मासे-बटाटे तळण्याच्या दुकानाच्या माडीवर. लहानपणी अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी. पुढे १९३० च्या दशकात इंग्लंडमधली सर्वाधिक मिळकतीची चित्रतारका झाली. २००९ साली बीबीसीने या ग्रेसीबाईच्या जीवनावर ‘ग्रेसी!’ हा चित्रपट केला तेव्हा भूमिका जेनकडेच आली. ग्रेसीचा नवरा जन्माने इटालियन. महायुद्धात इटली शत्रू ठरला तेव्हा नवऱ्याला अटक होऊ नये म्हणून ती परदेशी गेली आणि कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्या लोकांनी तिला पळपुटी म्हटले. हा भाग जेनने संयमाने केला आहे.

‘लिटल व्हॉइस’ला मान किती मिळाला? केन यांना गोल्डन ग्लोब मिळाले, ब्लेथिनबाईंना ऑस्करचे नामांकन. जेनची नामांकने झाली, गोल्डन ग्लोबसाठी आणि ब्रिटिश अकादमीसाठी, पण हाती काही आले नाही. केन स्वतः मासळीबाजारात ओझी वाहणाऱ्या हमालाचा मुलगा, त्यांच्या यशाचा आम्हाला आनंदच आहे. पण जिच्या गळ्यावर आख्खे नाटक उभे राहिले तिने रिकाम्या हाती यावे, हे आम्हाला तेव्हाही पटले नव्हते आणि आताही पटत नाही.

सर्वसामान्य इंग्रज प्रेक्षक तिला ओळखतो तो मात्र ‘बबल’ म्हणून. १९९२ पासून बीबीसीवर जेनिफर साँडर्स हिची ‘अ‍ॅब्सोल्यूटली फॅब्युलस’ ही विनोदी मालिका आली. फॅशनच्या धंद्यातल्या बायकांची टर उडवणारी. त्यात बबल ही कार्यालयातली सहायिका, जिला कुठलेच काम येत नाही आणि त्याचे दुःखही नाही. अंगात चित्रविचित्र कपडे आणि तोंडात अस्सल लँकेशायर बोली. मघाशी उल्लेख केलेली ज्युलिया सवाल्हा याच मालिकेत मालकिणीची शहाणी मुलगी होती.

आणखी एक गंमत सांगतो. किराणा-भुसाराची मोठी दुकाने जेनचा पिच्छा सोडत नाहीत. टेस्को या दुकानांच्या जाहिरातींत नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून २००४ पर्यंत ती प्रुनेला स्केल्स यांची वैतागलेली मुलगी होती. २००६ च्या ‘द अमेझिंग मिसेस प्रिचर्ड’ या मालिकेत ती दुकानाची व्यवस्थापक, जी राजकारण्यांना कंटाळून स्वतः निवडणुकीला उभी राहते आणि थेट पंतप्रधान होते. २०११ च्या ‘ट्रॉलिड’मध्ये पुन्हा दुकानात, उपव्यवस्थापक. मधल्या काळात लंडनला ‘कॅबरे’ (१९९३) आणि ‘अ‍ॅनी गेट युअर गन’ (२००९) ही संगीत नाटके, शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ, आणि लहान मुलांसाठी ‘फिफी’ या बाहुलीचा आवाज. पोट भरणारे काम आणि मन भरणारे काम यांत तिने भेद केला असेल, पण ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही.

२०१७ साली मँचेस्टरच्या कलामहोत्सवात तिने स्वतःच्या पुढाकाराने ‘कॉटन पॅनिक!’ हा प्रयोग आणला. रँग्लर या विजेच्या वाद्यांवर संगीत करणाऱ्या मंडळींच्या साथीने. येथे ती कोणाची नक्कल करत नव्हती. विषय होता आपल्याच परगण्याची उपासमार.

ही हकीकत आमच्या गिरणगावातल्या वाचकांनी जरूर समजून घ्यावी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लिंकन यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. गुलामांच्या घामावर पिकलेला कापूस लँकेशायरला येईनासा झाला. गिरण्या थंडावल्या, लाखो माणसे धर्मादाय अन्नावर आली. तिकडे चूल विझली तेव्हा इकडे मुंबईत पैशाचा पूर आला, कारण कापसाची मागणी आता हिंदुस्थानकडे वळली होती. शेअरचा सट्टा फोफावला आणि १८६५ साली युद्ध संपताच कोसळला. येथून जाणाऱ्या कापसाला तिकडे ‘सुरती’ म्हणत. त्याचा धागा आखूड. तो सारखा तुटायचा, आणि कामगाराला मजुरी मालावर, म्हणून तुटेल तितकी मजुरी बुडायची. ‘सुरत’ हा शब्द लँकेशायरमध्ये निकृष्ट मालासाठी शिवीसारखा रूढ झाला.

तिकडची विणकर बाई धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घेत असे. मुंबईच्या गिरण्यांतही तीच पद्धत. याच उष्ट्या धाग्याचे निमित्त करून आपल्या माणसांना विणकाम खात्यात, जेथे मजुरी जास्त, तेथे पाऊल ठेवू दिले जात नव्हते. लँकेशायरमध्ये त्या धोट्याने रोग पसरत, म्हणून त्याविरुद्ध ओरड झाली. आपल्याकडे ओरड झाली ती विटाळाची.

अशा उपाशी दिवसांत, ३१ डिसेंबर १८६२ रोजी, मँचेस्टरच्या कामगारांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरवली आणि लिंकन यांना पत्र धाडले की गुलामगिरी नष्ट करा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. सगळे लँकेशायर त्या मताचे नव्हते, गुलाम-मालकांकडे झुकलेलेही पुष्कळ होते, आणि १८६३ साली स्टेलिब्रिज गावी अपुऱ्या मदतीवरून दंगलही झाली. पण ते पत्र गेले, आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्याचे उत्तर लिहिले. मँचेस्टरमध्ये आजही लिंकन यांचा पुतळा उभा आहे. जेनने हा प्रयोग केला तो त्याच शहरातल्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीत, आपल्या खोऱ्याच्या बोलीत, स्वतःच्या आवाजात.