केळीचा हरण्या रोग व शेजारधर्म

रावेर-यावल तालुक्यांतील केळीबागाइतदारांस ‘हरण्या’ हें नांव नवें नाहीं. इ. स. २०२० च्या पावसाळ्यांत मृगबागेंतील कोंवळीं रोपें हजारोंनीं उपटून टाकावीं लागलीं, आणि पुढेंही हा रोग पुनःपुन्हां दिसला. शिरपूरकडील बागाइतदारांनींही निर्धास्त राहूं नये. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे येतात, पान अरुंद होऊन कडा मुरडतात, पोंगा कुजतो, आणि खोड जगलेंच तरी घड विकण्याजोगा येत नाहीं. शास्त्रज्ञ यास काकडीवरील मोझॅक विषाणूचा रोग म्हणतात. रोग दिसतांच आपण पंप पाठीस लावतों व औषध फवारतों. तें बहुधा व्यर्थ कां जातें, हें कळण्यास विषाणु पेशींत शिरतो कसा तें पाहिलें पाहिजे.

हा विषाणु इतका लहान कीं, एका मिलिमीटरांत त्याचे सुमारें चौतीस हजार कण ओळीनें बसतील. मनुष्यास व जनावरांस होणाऱ्या रोगांचे विषाणु पेशीचें दार स्वतः उघडतात. कोरोनाचा विषाणु आपल्या अंगावरील काटा पेशीवरील एका ठराविक प्रथिनांत अडकवून आंत शिरे; लशीमुळें शरीर त्या काट्यालाच वेढणारीं द्रव्यें तयार ठेवूं लागलें. वनस्पतींची गोष्ट निराळी. तिच्या पेशीभोवतीं जाड भिंत असते, आणि ती उघडण्याची किल्ली विषाणूपाशीं नसते. प्रयोगशाळेंत रोप मुद्दाम रोगी करावयाचें असल्यास पानावर खरखरीत पूड चोळून आधीं बारीक जखमा कराव्या लागतात, मगच रस लाविला असतां रोग जडतो. शेतांत ही जखम करणारा कारागीर म्हणजे मावा. त्याची सुईसारखी सोंड भिंत भेदते, आणि सोंडेला चिकटलेला विषाणु आयताच आंत पोंचतो. एकदां आंत गेला कीं पेशीपेशींमधील सूक्ष्म वाटा रुंद करणारें प्रथिन तो त्या पेशीकडूनच करवून घेतो व खोडभर पसरतो. वनस्पतीस आपल्यासारखी लस टोंचतां येत नाहीं, आणि रोगी खोड बरें करणारें औषधही बाजारांत नाहीं. दुकानदार कांहींही सांगो.

आतां फवारणीकडे वळूं. हा मावा केळीवर वस्ती करून राहत नाहीं. कपाशी, काकडी, भोपळा, गिलकें, बांधावरील केना यांवरून उडत येतो, केळीचें पान चाखतो, आवडलें नाहीं म्हणून पुढल्या झाडावर जातो. विषाणु सोंडेस लागण्यास व पुढच्या पानांत उतरण्यास कांहीं सेकंद पुरतात. औषधानें मावा मरतो खरा, पण काम उरकून मरतो. आपल्या बागेंत कितीही खर्च केला तरी शेजाऱ्याच्या बांधावरील वेल व तण तसेंच असेल, तर दार उघडेंच राहिलें.

यांतही एक सोय आहे. सोंडेवरचा विषाणु फार वेळ टिकत नाहीं. निरोगी झाडांना दोन-चार वेळां टोंचलें कीं सोंड बहुतेक स्वच्छ होते. म्हणून बागेभोंवतीं ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी लावाव्या, म्हणजे येणारा मावा प्रथम तेथें उतरतो. केळींत काकडीवर्गीय आंतरपीक घेण्याचा मोह सोडावा. चार पैशांच्या काकडीसाठीं बाग गमावणें हा हिशेब मला समजत नाहीं. रोगी बागेंतील कंद तर मुळींच आणूं नयेत, कारण त्यांत विषाणु आधींच असतो. टिश्यूकल्चरचीं रोपें घेतांना विषाणुतपासणीचा दाखला मागून घ्यावा.

परंतु सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पहिलें रोगी खोड कंदासह त्याच दिवशीं उपटून बागेपासून दूर पुरणें. पांच फुटांवर लावलेल्या बागेंत एकरीं सुमारें सतराशें खोडें असतात. त्यांतील दहा गेलीं तर बाग बुडत नाहीं. येथें आमच्या जुन्या खात्याचा संबंध येतो. भरपाईच्या आशेनें रोगी खोडें पंचनामा होईपर्यंत उभीं ठेवण्याकडे कल असतो. शेतकऱ्यास मी दोष देत नाहीं. पुरावा गेला कीं कागद पुढें सरकत नाहीं, हें कारकुनी करतांना मींही पाहिलें आहे. पण तीं उभीं खोडें म्हणजे माव्यासाठीं भरून ठेवलेलें विषाचें कोठार होय. गट क्रमांक व तारीख दाखविणारें छायाचित्र आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या यांवर नुकसान मान्य व्हावें, अशी मागणी आपल्या संस्थेनें सरकारकडे केली पाहिजे.

१९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. माव्याला ती हद्द ठाऊक नाहीं, मग शेजाऱ्याचा बांध कोठून ठाऊक असणार? मृगबाग लागण्यापूर्वीं प्रत्येक शिवारांत एक दिवस ठरवून सर्वांनीं मिळून बांध साफ करावे, आणि लागवडीनंतर पहिले चार महिने आठवड्यांतून एकदां एकमेकांच्या बागा पाहाव्या. आपलें रोगी खोड शेजाऱ्यानें दाखविलें तर त्याचा राग मानूं नये. ज्यांच्या गांवांत हें पूर्वीं झालें असेल, त्यांनीं आपला अनुभव संपादकांकडे अवश्य पाठवावा.