वाटेत नको असलेले सामान

दिवाळीच्या सुमारास आमच्या टपालात फराळाच्या शंका अधिक असतात. चकली मऊ का पडते आणि अनारसे का हसतात, यांवर दरवर्षी लिहावे लागते. यंदा मात्र ठाण्याच्या एका भगिनींनी निराळाच प्रश्न घातला आहे. लग्नाला चाळीस वर्षे होतील म्हणून मुलाने आणि सुनेने त्या उभयतांसाठी येत्या जूनमधली बोटीची सफर ठरवली आहे. मुंबईहून विमानाने लंडन, तेथून साउदॅम्प्टन बंदर आणि पुढे आठवडाभर नॉर्वेच्या किनाऱ्याने. बोट अशी, की तीवर मुलांना मज्जाव. बाईंना हवी आहे फक्त सामानाची यादी. पण पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता कळवले आहे, की यजमानांच्या गोळ्या वर्षानुवर्षे त्याच देतात आणि कोणती गोळी कशाची हे त्यांना स्वतःला ठाऊक नाही. आमच्या मते यादीची सुरुवात याच वाक्यापासून व्हायला हवी. त्याकडे वळूच, पण आधी बोटीविषयी चार शब्द.

'फक्त प्रौढांसाठी' हे शब्द वाचून कोणी भुवया उंचावू नयेत. पी. अँड ओ. कंपनीच्या 'आर्केडिया' या बोटीवर २००५ पासून आणि 'ऑरोरा' या बोटीवर २०१९ पासून अठरा वर्षांखालील प्रवासी घेत नाहीत. व्हायकिंग कंपनीच्या समुद्रावरील बोटींचा आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या कंपनीचाही तोच नियम आहे. हेतू एवढाच, की पोहण्याच्या तलावाशी आरडाओरडा नसावा, जेवणाच्या वेळी शांतता असावी आणि जोडप्यांना निवांत बसता यावे. पन्नाशी-साठीची कितीतरी जोडपी मुद्दाम अशीच बोट निवडतात.

पी. अँड ओ. हे नाव मुंबईकरांना नवे नाही. विलायतेस जाणारे आपले विद्यार्थी, वकील, डॉक्टर एके काळी बॅलार्ड पिअरवरून याच कंपनीच्या बोटीत चढत. तेव्हा प्रत्येक ट्रंकेवर चिठ्ठी चिकटवावी लागे. एक चिठ्ठी 'केबिन'ची, म्हणजे ते सामान खोलीत यायचे. दुसरी 'वॉन्टेड ऑन व्हॉयेज', म्हणजे वाटेत लागेल तेव्हा काढता येईल असे. तिसरी 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज', म्हणजे वाटेत नको असलेले. ते थेट बोटीच्या पोटात जाई आणि मुक्कामी पोचल्यावरच हाती येई. आता सगळेच सामान खोलीत येते, त्यामुळे चिठ्ठ्या गेल्या; पण पेटी भरताना मनाशी या तीन चिठ्ठ्या धराव्यात, म्हणजे निम्मे काम सोपे होते.

पहिली चिठ्ठी : हाताशी ठेवायचे

बंदरावर पोचल्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात जातात आणि खोलीच्या दाराशी येईपर्यंत कधी संध्याकाळ होते. तोवर प्रवासी आपला हातातल्या पिशवीवर. तिच्यात पासपोर्ट, तिकिटे, चष्मे, सगळी औषधे, एक गरम अंगरखा आणि कपड्यांचा एक जोड असावा. या सफरीला ब्रिटनचा एक आणि नॉर्वेसाठी शेंगेनचा एक असे दोन व्हिसा लागतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी आपल्याला झोंबेल अशी असते, आणि घरची मेडिक्लेम पॉलिसी साधारणपणे परदेशात उपयोगी पडत नाही. म्हणून विमा घेताना त्यात बोटीचा प्रवास आणि जुनी दुखणी धरली आहेत ना, एवढे विचारून घ्यावे.

आता औषधांविषयी. ती कधीही मोठ्या बॅगेत टाकू नयेत. सफरीच्या दिवसांपेक्षा पाच-सहा दिवसांची अधिक न्यावीत. गोळ्या मूळच्या पाकिटांतच ठेवाव्यात आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तीत कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहून घ्यावे, कारण आपल्याकडचे व्यापारी नाव परदेशी डॉक्टरास उमगेलच असे नाही. इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठण्याचा संभव असतो, तेही हातातच हवे. जूनमध्ये ब्रिटनचे घड्याळ आपल्या मागे साडेचार तास आणि नॉर्वेचे साडेतीन तास असते; तेव्हा कोणती गोळी केव्हा घ्यायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून आणावे.

बोट लागण्यावरच्या गोळ्याही न्याव्यात, पण एक पथ्य पाळावे. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा विकार असणाऱ्यांना त्यांतल्या काही मानवत नाहीत. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे आणि एखादी घरीच घेऊन पाहावी. आलेपाकाच्या वड्या जवळ असाव्यात. खोली निवडणे अजून हाती असेल तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची मागावी. तेथे हेलकावे कमी बसतात.

दुसरी चिठ्ठी : वाटेत लागणारे

जून म्हणजे आपल्याकडे पावसाची झड, आणि नॉर्वेतही छत्रीला सुट्टी नाही. बर्गन शहरात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो. तेथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपी जोडलेला रेनकोटच कामाचा. एकच जाडजूड कोट नेण्याऐवजी आत गरम बनियन, वर लोकरी स्वेटर आणि त्यावर रेनकोट असे थर करावेत. ऊन पडले की एकेक उतरवता येतो. उत्तरेच्या टोकाला या दिवसांत सूर्य मावळतच नाही, आणि बर्गनच्या बाजूलाही रात्र नावालाच होते. झोप हलकी असेल त्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी जरूर न्यावी. तिचे वजन काहीच नाही.

पायांत रबरी तळव्यांचे बूट असावेत, आणि ते आधी महिनाभर वापरून सैल झालेले. ओल्या डेकवर उंच टाचा म्हणजे हाड मोडून घेण्याची तयारीच.

ब्रिटिश बोटींवर एक-दोन रात्री औपचारिक पोषाखाच्या असतात. पुरुषांना गडद सूट आणि टाय पुरतो. स्त्रियांनी चिंता करू नये. काठापदराच्या दोन साड्या नेल्या की भागते आणि त्या उठूनही दिसतात. डेकवरच्या वाऱ्यासाठी पिनांची डबी विसरू नये. किनाऱ्यावर हिंडायला पंजाबी ड्रेस अधिक सोयीचा. ज्यांना सूटबूट नकोच, त्यांना त्या रात्री साध्या जेवणघरात जेवता येते. व्हर्जिनच्या बोटींवर अशी औपचारिक रात्र नसते, पण एका रात्री सगळे लाल कपडे घालतात. आपल्या बायकांच्या कपाटात लाल साडीची वाण कधीच नसते!

किरकोळ वाटणाऱ्या काही वस्तू मात्र फार उपयोगी पडतात. खोली दीडशे-दोनशे चौरस फुटांची असते आणि तिच्या भिंती बहुधा पोलादी. त्यांवर लोहचुंबकाचे हुक चिकटतात आणि टोप्या, पिशव्या, ओले रेनकोट टांगता येतात. ब्रिटिश बोटीवर तीन चौकोनी पायांचा प्लग लागतो, इतर बोटींवर अमेरिकी किंवा युरोपी. सगळीकडे चालणारा अ‍ॅडॅप्टर एक घ्यावा. दोघांच्या मनगटावर साधे घड्याळ हवे. किनाऱ्यावर मोबाईल आपोआप त्या देशाची वेळ दाखवतो, बोटीची वेळ निराळी असू शकते, आणि मागे राहिलेल्या प्रवाशासाठी बोट थांबत नाही. शाकाहारी मंडळींनी जेवणाविषयी कंपनीला तिकिटाच्या वेळीच कळवावे. कांदा-लसूण नको असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

तिसरी चिठ्ठी : वाटेत नको असलेले

इस्त्री, पाणी तापवायची कांडी, विजेची किटली, लांब वायरीचा बोर्ड या वस्तू आगीच्या भीतीने बोटीवर काढून घेतात. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यांनाही बंदी आहे. रोजची पूजा हात जोडून आणि स्तोत्र म्हणून करावी, देव रागावणार नाही. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी घरीच राहू द्यावी. लोणच्याची बरणी साड्यांच्या शेजारी ठेवण्याचे धाडस तर कोणीच करू नये. दागिने अंगावरचे पुरेत. समुद्रावर मोबाईल चालू ठेवल्यास उपग्रहामार्फतच्या बिलाचा आकडा डोळे पांढरे करतो. म्हणून बोट सुटताच तो 'एअरप्लेन मोड'वर टाकावा. घरी आधीच सांगून ठेवावे, की किनाऱ्याला लागलो की फोन करू. आठ दिवस आजी-आजोबांनी नातवाच्या गृहपाठाची चौकशी केली नाही, तर शाळा बुडत नाही.

पेट्या दोन, भरणारे दोन

आपल्या घरांत प्रवासाचे सामान बाई भरते. मुलांचे, यजमानांचे, सासूबाईंचे, वाटेतल्या दशम्या-चटणीचे सगळे पाहून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात आपल्या दोन साड्या कोंबते. मुक्कामी पोचल्यावर "अगं, माझा रुमाल कुठे?" हा प्रश्न आला की तिची सुट्टी संपली म्हणून समजावे. या सफरीत मुले नाहीत, पाहुणे नाहीत, स्वयंपाक नाही. मग ही एक कामगिरी तरी तिने एकटीने का वाहावी? आमचे सांगणे असे, की या खेपेस दोघांनी आपापली पेटी आपण भरावी. काही राहिले तर राहिले. रुमाल बोटीवरही विकत मिळतो.

पेट्या भरून झाल्या की एक अदलाबदल करावी. यजमानांच्या कपड्यांचा एक जोड बाईंच्या पेटीत आणि बाईंचा एक जोड यजमानांच्या पेटीत. विमानाच्या गोंधळात एक पेटी मागे राहिली, तरी दोघांचेही दोन दिवस निभतात.

हाच नियम गोळ्यांना लावावा. निघण्यापूर्वी एक संध्याकाळ दोघांनी टेबलाशी बसावे, सगळी पाकिटे मांडावीत आणि दोन टाचणे करावीत. यजमानांच्या औषधांचे टाचण बाईंच्या पर्समध्ये, बाईंच्या औषधांचे यजमानांच्या खिशात : औषधाचे नाव, किती, केव्हा, कशासाठी, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट कोणता, आणि घरच्या डॉक्टरांचा फोन. हे टाचण यजमानांनी स्वतःच्या हाताने लिहावे हे बरे. भर समुद्रात, परक्या डॉक्टरापुढे, रात्री दोन वाजता बाईच आजारी पडल्या, तर सांगणारे माणूस तेथे एकच असणार. त्या वेळी "ते सगळं हिलाच ठाऊक" या उत्तराचा काही उपयोग नाही. बाईंनीही गोळ्या हातावर ठेवण्याची सवय निघण्याआधीच महिनाभर सोडावी. त्यात माया कमी होत नाही. उलट एकमेकांची खरी काळजी घेण्याची ती पहिली पायरी आहे. आणि बोटीवर न जाणाऱ्या वाचकांनाही हा टाचणाचा उद्योग लागू आहे. आजारपणाला व्हिसा लागत नाही.

शेवटच्या रात्रीची एक सूचना. मोठ्या बॅगा त्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी त्या थेट धक्क्यावर भेटतात. हौसेने सगळेच भरून टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी रात्रीच्याच कपड्यांत इंग्लंडच्या भूमीवर उतरावे लागेल. सकाळचे कपडे, बूट आणि औषधे मागे ठेवावीत.

एवढे झाले की पेटीत थोडी जागा उरेल. ती भरण्याची घाई करू नये. फार तर पत्त्यांचा एक कॅट टाकावा. दोघांना रमी छान खेळता येते, आणि डेकवरच्या खुर्च्या एकमेकींशेजारी ओढून बसले की बोलायचे राहून गेलेले पुष्कळ काही आठवते.

ठाण्याच्या भगिनींना आणि त्यांच्या यजमानांना सुखाचा प्रवास, आणि सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा!