धाक वेगळा, मान वेगळा

परवा संध्याकाळी भाची ग्राउंडवरून आली, हॉकी स्टिक दाराआड ठेवली आणि म्हणाली, "मावशी, उद्यापासून मी नाही जात." ती आरमोरीची. कॉलेजसाठी चंद्रपुरात माझ्याकडे राहते. खोदून विचारलं तेव्हा तिनं पायमोजा खाली केला. घोटा टम्म सुजलेला! चार दिवस पोरगी तशीच खेळत होती.

"अगं, सरांना का नाही सांगितलं?"

"सगळ्यांसमोर म्हणाले असते, जंगलातून आलेल्या पोरींना खेळ काय जमणार! नेहमीच म्हणतात."

सुजलेल्या पायापेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं. याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगीही होती. आणखी काय जमवून दाखवायचं?

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "सर म्हटलं की रागावणारच. आचरेकर सरांनी सचिनलाही थप्पड मारली होती ना?" खरंय, सचिननंच ते सांगितलंय. पण तेच सर त्याला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेत, हेही त्यानंच सांगितलंय. आपल्या लक्षात थप्पड राहते, स्कूटर आपण विसरतो. सरांबद्दलचा आदर मात्र त्या स्कूटरनं कमावलेला होता.

मैत्रिणींनो, शिस्त नकोच असं मी म्हणत नाही. भाचीचे शाळेतले सरही कडकच होते. उशीर झाला की मैदानाला दोन चकरा मारायला लावत, पण स्वतःही सोबत पळत. त्यांचं नाव निघालं की आजही तिचा चेहरा खुलतो. आत्ताच्या सरांसमोर ती मान खाली घालते. लांबून पाहणाऱ्याला तोही आदरच वाटेल. पण तो नुसता धाक आहे. सरांची पाठ वळली की संपणारा.

आणि धाकानं खेळही बिघडतो. हॉकीत चेंडू पायाशी आला की क्षणात ठरवावं लागतं. घाबरलेली मुलगी आधी सरांकडे बघते, तोवर समोरची चेंडू घेऊन जाते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपल्या मुली पहिले तीन सामने हरल्या होत्या. तरी सावरल्या, ऑस्ट्रेलियाला हरवून उपांत्य फेरीत गेल्या. कांस्यपदक थोडक्यात हुकलं, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक श्योर्ड मारिन यांनी जाहीरपणे सांगितलं, की या मुलींनी पदकाहून मोठं काही मिळवलंय. हरलेल्या दिवशी पाठीशी उभा राहणारा माणूस मुली कशा विसरतील?

आपल्याकडे मुलीनं एकदा स्टिक खाली ठेवली, की ती पुन्हा हाती येणं कठीण. लगेच स्थळांचा विषय निघतो. म्हणून बहिणीला म्हटलं, "खेळ सोडवू नकोस, तू इकडे ये." उद्या आम्ही दोघी सरांना भेटणार आहोत. भांडायला नाही, बोलायला. तुमची मुलगीही ग्राउंडवर जात असेल, तर किती गोल केले हे नंतर विचारा. आधी एवढंच विचारा, "बाई गं, लागलं, पाळीत पोट दुखलं, तर सरांना सांगू शकतेस ना?"

उत्तर द्यायला ती अडखळली, तर एकदा ग्राउंडवर जाऊन याच.