खर्र्याच्या जिल्ह्यात दुर्बीण कशाला?

यवतमाळ असो, वणी असो की पुसद, पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा बनवणं चालूच असतं. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण खर्रा ठेल्यावरच बनतो, त्याला ना कारखाना लागतो ना छापील पुडी. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाची आतली बाजू पांढरट, ताठ होत जाते आणि एक दिवस तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी होतात. अशा तोंडाला कॅन्सरचा धोका जास्त, आणि डॉक्टरला नेमका गालाचा मागचा कोपराच दिसत नाही.

तिथे बारीक दुर्बीण शिरू शकते. साध्या दुर्बिणीतून रंग, सूज, जखम दिसते. नव्या तंत्रात पेशींच्या आतबाहेर कोणते रेणू आहेत तेही कळतं. मुख्यतः कॅन्सरच्या पेशींवर काम करणारा रंग लावायचा, ठरावीक प्रकाश टाकायचा, ती जागा उजळते. जपानमध्ये यासुतेरू उरानो यांच्या गटाने 2011 मध्ये फवारायचा असा रंग उंदरांवर दाखवला. काही मिनिटांत बारीक गाठी चमकल्या. मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी निळ्या प्रकाशाची तपासणी अमेरिकेत 2010 मध्येच मंजूर झाली. बाकी बरंचसं अजून चाचण्यांतच आहे.

हे सगळं मोठ्या शहरांचं काम, असं म्हणणाऱ्यांनी उस्मानाबादकडे, म्हणजे आजच्या धाराशिवकडे पाहावं. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने तिथल्या खेड्यांत सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एका गटात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्यात पेशी तपासल्या, तिसऱ्यात हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा डीएनए शोधला. निकाल 2009 मध्ये आले: एकदाच तपासणी करूनही मृत्यू जवळपास निम्मे झाले ते फक्त डीएनएच्या गटात. चौथ्या, तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळालीच नाही, यावर टीका झाली, आणि ती रास्त होती.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने व्हिनेगरचीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. म्हणजे डोळ्यांनाही यश येतं, पण बाई पुन्हा पुन्हा आली तर. कापूस वेचणीच्या दिवसांत रोजी बुडवून दवाखान्यात एकदा येणारी मजूर बाई चार वेळा येईल, हे कुणी गृहीत धरू नये. डीएनएसारख्या रेणूवर बेतलेल्या तपासणीची गरज म्हणूनच शहरापेक्षा इथे अधिक.

तोंडाच्या कॅन्सरवरच्या अशा चाचण्या यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्हायला हव्यात, कारण खर्र्याने आवळलेली तोंडं इथे आहेत. तुलनेच्या गटालाही निदान टॉर्चने तोंड तपासून मिळावं. शिवाय उजळलेली जागा म्हणजे कॅन्सर नव्हे. तुकडा कुठून घ्यायचा एवढंच ती सांगते. तो तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट आणि अहवाल गावातल्या आशाताईपर्यंत पोहोचवण्याचा खर्च दुर्बिणीच्याच अंदाजपत्रकात धरावा.